खालचं रान

बुधवार, सकाळ

प्रिय वन्सं,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. धाकटीचा दात पडला. तो शेजारच्यांना दाखवायला म्हणून गेली आणि तिथेच हरवून आली, त्यावरून घर डोक्यावर घेतलंय. कोबी चांगला धरलाय. दुकान वाळलं का? शिलाईच्या मशिनी सुरू झाल्या का?

सोबत एक कागद आहे. "गोड लिही, ती तुझं ऐकते," असा तुमच्या बंधुराजांचा हुकूम आहे. तर गोड लिहिते: खालच्या रानाला नदीच्या अंगाने भराव घातला की तिथेही भाजी होईल आणि त्यात तुमचाही वाटा राहील. रान तुमच्या नावावर, म्हणून सही हवी. झालं गोड लिहून.

मामंजींनी ते रान तुम्हाला दिलं तेव्हा तुमचे हेच बंधुराज म्हणाले होते, "पोरीला चिखल दिला." आता त्याच चिखलासाठी जीव खालीवर होतोय. कारण पाणी पसरायला मोकळं असं तेवढंच उरलंय. वरपासून खालपर्यंत दोन्ही काठांना भराव झालेत. समोरच्याने वीतभर चढवला की आमच्याकडे हातभर चढतो. संध्याकाळी पुरुषमाणसं फिरायला म्हणून निघतात आणि एकमेकांच्या भरावाची उंची डोळ्यांनी मोजून येतात. वर पुन्हा एकमेकांची विचारपूस! बघून किळस येते.

पूर्वी नदी हळूहळू चढायची. रानात पसरायची, चार दिवस बसायची, गाळ टाकून निघून जायची. आता सकाळी फुगते, भिंतीत कोंडल्यासारखी सरळ तुमच्या शहराकडे धावते आणि संध्याकाळी उतरलेलीही असते. उन्हाळ्यात उरतो तो हिरवट ओघळ. त्यात सडका कोबी, औषधांच्या बाटल्या, खताच्या पिशव्या. काठावर नाकाला पदर लावूनच उभं राहावं लागतं. आणि भराववाल्यांच्या बैठकीत ही मंडळी म्हणतात, नदीला शिस्त लागली.

वन्सं, दुकानात पाणी शिरलं ते पावसाचं नव्हतं हो. तुमच्याकडे त्या दिवशी धड पाऊसही नव्हता, तुम्हीच म्हणालात. ते आमच्याकडून आलं.

एवढं लिहून थांबणार होते. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवता येत नाही.

ह्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं ना, "मला रात्री कळलं, नाहीतर धावत आलो असतो"? खोटं आहे ते. दुपारी जेवताना ह्यांच्या मोबाईलवर कुणीतरी चित्रफीत पाठवली. तुमची गल्ली, तपकिरी पाणी, तरंगणारी कापडं. आणि कमरेएवढ्या पाण्यात मशीन डोक्यावर धरून तुम्ही. मी ओरडले, "अहो, वन्सं!" हे म्हणाले, "दिसतंय मला." मग तीच चित्रफीत भराववाल्यांच्या गटात पुढे पाठवली. खाली लिहिलं, 'आपली रानं कोरडी. शाब्बास मंडळी.' आणि माझ्याकडे ताट सरकवून म्हणाले, "भात वाढ."

मी वाढला. दुसरं काय करणार होते, असं तेव्हा वाटलं. तेव्हापासून ह्यांच्यासमोर बसून घास उतरत नाही. भाऊ म्हणून तुम्ही ह्यांना अजून मायेने हाक मारता, ती ऐकली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

खालचं रानही बंद झालं तर पुढच्या वेळी पाणी तुमच्या कमरेवर थांबायचं नाही. सही करू नका. हे स्वतः येतील, डोळ्यांत पाणी आणतील, मामंजींची आठवण काढतील. तरी करू नका. मी आले आणि ह्यांच्यासमोर "करा" म्हणाले, तरीही करू नका. तेव्हा मला तसं म्हणायला लावलेलं असेल.

कागद सहीविना परत पाठवा. पाकिटावर नाव माझं घाला. ह्यांच्यासमोर मीच फोडीन, आणि "तिला कुणी शिकवलं?" असं विचारलं तर मी शिकवलं म्हणून सांगीन. पुढचं पुढे.

'तुमच्या भावाची बायको' असं लिहायला आज हात धजत नाही, म्हणून नुसतीच,

तुमची
वहिनी