बेडकीचा पट्टा आणि आईचं तेलाचं बोट

आदरणीय धर्मराज दाजींना नांदूरघाटाहून भागवतचा लांबूनच नमस्कार (जवळून करायची हिंमत राहिली न्हाई).

तुमचा गुडघा कसा हाय? मंगलअक्काची शुगर उतरली का? इकडं जनावरं बरी हायेत, तुमची आंब्याची झाडं बरी हायेत, उज्ज्वला आणि लेकरं बरी हायेत. जे बरं न्हाई ते खाली लिहितो. फोन चारदा हातात घेतला, पण तुमी नुसतं "बोल भागवत" म्हणलात की माझी वाचा बसते, म्हणून हा कागद.

तर तुमची ती बेडकी. (गावानं तुमच्या गाडीला हेच नाव ठेवलंय. दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं, मागं शेणखताचा हौदा, दारं न्हाईत आणि पुढं दोन वटारलेले डोळे. लोक दुसरं काय म्हणतील?) पुण्याला जाताना तुमी चावी देऊन एकच सांगितलं होतं, इंजिनाचा पट्टा गेला तर अंबाजोगाईचा मेकॅनिक बोलव, तू हात लावू नको. दाजी, मला ते लई लागलं होतं. बारा वर्षं पिठाची गिरणी चालवलेल्या माणसाला पट्ट्याला हात लावू नको म्हणायचं म्हणजे काय?

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पट्टा तुटला. तुमी ठेवलेला नवा पट्टा काढला आणि मेकॅनिकला न बोलावता मोबाइलवर व्हिडिओ लावून मीच बसलो. (व्हिडिओतला बाबा इंग्रजीत बोलत होता, पण पाना फिरवायला भाषा कशाला लागते?) प्लास्टिकचं झाकण काढलं, आत दोन पुल्या. मागची पुली फाकवायला त्यानं एक खास हत्यार घेतलं, मी उज्ज्वलाचं लाटणं घेतलं. पट्टा बसला. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण तो बाबा पुल्या फडक्यानं पुसपुसून कोरड्या करत होता आणि मला त्याची कीव आली. म्हणलं बिचाऱ्याला राळ माहीत न्हाई. गिरणीचा पट्टा घसरला की आमी राळ चोळतो, मग तो पुलीला धरून बसतो. आई सणासुदीला निखाऱ्यावर जाळते ती राळ देवघरातल्या डब्यात असते. आख्खा डबा चोळला. झाकण लावून बोल्ट आवळले (अकरा काढले होते, नऊ लागले).

दसऱ्याला आईनं बेडकीला ओवाळलं, हळद-कुंकू वाहिलं आणि त्या झाकणावर तेलाचं बोट ओढलं. झाकणावर, दाजी. बाहेरून. मग तिला शेजारी बसवून म्हसोबाच्या माळाकडं गाडी काढली. सगळी आळी बघत होती, मी बी मान ताठ करून बसलो होतो. चढ लागला आणि बेडकी गचके द्यायला लागली. या गाडीचा पट्टा चढाला पुलीत वर-खाली सरकावा लागतो, पण राळेनं असा चिकटला की सरकायचं नाव घेईना. आधी जळका वास, मग धूर, मग फाडकन आवाज आणि आमी मागं मागं घसरत धोंडीरामच्या खळ्यावरच्या सोयाबीनच्या गंजीत. (ब्रेक आठवला, पण गंजीत गेल्यावर.) आई शेंगांतून बाहेर आली आणि आधी मला चाचपून बघितलं. लागलं कुणालाच न्हाई. तेवढ्यात माणसं जमली. धोंडीराम म्हणाला, "का रं गिरणीवाल्या, काय झालं?" आणि मी चार माणसांत म्हणालो, "आईनं पट्ट्याला तेल लावलं, दुसरं काय होणार!"

सगळे हसले. आई पदरातल्या शेंगा झटकून घराकडं चालायला लागली. तवापासून ती मिक्सरला हात लावीना, पंख्याचं बटण दाबीना. परवा नवा फवारणीचा पंप आणला, म्हणलं कुंकू लाव, तर म्हणाली, "नगं बाबा, माझा हात यंत्राला बाधतो." दाजी, मला लई लाज वाटते. तिच्यासमोर ताटावर बसवत न्हाई.

तुमचा,
हात लावलेला भागवत

ता. क. आणखी एक पट्टा लागेल. मेकॅनिकला या वेळी तुमीच सांगा.

ता. क. दुसरा. खरं काम हे हाय. आईला फोन करून सांगा की पट्टा कंपनीतूनच खराब आलता, तेलाचा काही संबंध न्हाई. जावयाचा शब्द ती मोडत न्हाई. मला तिला खरं सांगायचं धाडस व्हत न्हाई.

ता. क. तिसरा. फोन करू नका. पाकीट चिकटवत होतो तर आई आली, म्हणाली काय लिव्हलंस ते वाच. राळ आणि दुसरा ता. क. गाळून वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, "राळेचं न्हाई लिव्हलंस? दसऱ्याला सकाळीच डबा उघडला व्हता म्या. रिकामा." मी म्हणलो, मग तवाच बोलली कावून न्हाईस? तर म्हणाली, "चार मानसांत लेकाला खोटं पाडू व्हय? म्हनलं आज सांगंल, उद्या सांगंल."

पट्ट्याबरोबर पावशेर राळ पाठवा. आई म्हणते, जा, धोंडीरामच्या खळ्यावर माणसं जमलीत, जिथं बोललास तिथंच सांगून ये. अर्धा तास झाला, मी चप्पल घालून दारात उभा हाय आणि हे तिथूनच लिहितोय.