गोठ्यातल्या उठाबशा

तलास,
१४ मार्च

माझ्या लाडक्या थोरल्या बहिणी, सायरा एजे,

तुला सलाम, दाजींना सलाम, तुमच्या टोकमोकच्या सगळ्या गोतावळ्याला सलाम. आम्ही इकडे खुशाल आहोत. नातवंडं धडधाकट, मेंढ्या व्यायला लागल्यात, जर्दाळूला कळ्या धरल्यात आणि रोज सकाळी उठून मी आभाळाकडे बघते, की बाबा, यंदा तेवढी गारपीट नको. खिंडीत बर्फ आहे अजून, पण टॅक्सीवाले जा-ये करतात. दाजींची खोकल्याची ढास थांबली का? त्यांना मेंढीची चरबी कोमट दुधातून दे. तोंड वाकडं करतील, करू दे.

तुझा फोनवर बोलून पाठवलेला निरोप मिळाला. मी ऐकला, आणि माझ्याबरोबर सबंध घराने ऐकला. मला हल्ली जरा कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज कायम मोठा असतो. बटण दाबलं आणि तू स्वयंपाकघरात येऊन उभी राहिल्यासारखी कडाडलीस, “झुराकान, गावभर बोभाटा झालाय. तुझी सून तुला गोठ्यात स्वतःपुढे वाकायला लावते म्हणे! सुनेने सासूपुढे वाकायचं की सासूने सुनेपुढे? नवरोजच्या आत तिला माहेरी पाठव. नाहीतर मी येते आणि मीच पाठवते. तुझ्या लेकाशी, एरमेकशी, माझं बोलणं झालंय.”

आणि ती सून, चिनारा, तिथेच नानसाठी कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. मीच मेली बटण शोधत बसले, आणि ते बंद व्हायच्या आत तू सगळं बोलून मोकळी झालीस. म्हणून आज पत्र लिहिते आहे. याला आवाज नाही.

त्या विषयावर येतेच. आधी दुसरं सांगते.

एजे, मी हल्ली राजमा खाते! हस बाई, हस. आयुष्य गेलं आपलं राजमा पेरण्यात, खुरपण्यात, पोती भरून तुर्की व्यापाऱ्यांना विकण्यात. कधी एक दाणा तोंडात घातलास तू? चिनाराने पहिल्यांदा तो कांदा-गाजर घालून शिजवला तेव्हा मी ओरडले होते, “अगं, हा विकायचा असतो, खायचा नसतो!” ती म्हणाली, “आपा, एवढी लांबची माणसं पैसे मोजून नेतात, ती काय शोभेला ठेवतात का?” आता आठवड्यातून तीनदा होतो. पोट जरा वाजतं, पण घरातल्या घरात चालून जातं.

खाण्याची मोठीच गंमत झाली. चिनारा शाळेत कवायत शिकवते हे तुला माहीतच आहे. लग्नाआधी ती व्हॉलीबॉल खेळायची, त्यावरून तू काय काय बोलली होतीस तेही आपल्याला माहीत आहे. तर तिने हिवाळ्याच्या तोंडावर मला व्यायाम सुरू करून दिला आणि सांगितलं, “आपा, नुसत्या व्यायामाने मांडी भरत नाही. मांस, अंडी, दही, राजमा यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. ज्या चिजेचं अंग बनतं, ती चीज पोटात तर जायला हवी.” तुला माझं जेवण ठाऊक आहे. सकाळी चहा, नान, साय आणि मुरंबा. दुपारी चहा आणि तळलेल्या कणकेचे बोरसोक. संध्याकाळी शेवयांच्या रश्श्यातल्या शेवया मला आणि मांस नातवंडांना. समारंभात माझ्या वयाला शोभेलसा मांसाचा मोठा वाटा पुढ्यात आला, की मी तो कधी चाखलासुद्धा नाही. लगेच पिशवी, पिशवीला गाठ, घरी पोरांना. आपल्या आईनेही तेच केलं, तूही करतेस.

पण मी मेली अर्धवट ऐकणारी. मांसाने मांस वाढतं एवढंच डोक्यात घेतलं आणि नान बंदच करून टाकला. सकाळी अंडी, दुपारी मांस, मधेमधे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या. आठवडाभर मोठ्या तोऱ्यात होते. मग व्हायचं ते झालं. डोकं गरगरायला लागलं, पोट साफ होईना, नातवंडांवर विनाकारण खेकसले, आणि एका सकाळी गोठ्यात व्यायाम करता करता पाय असे लटपटले की गाईच्या गळ्यात पडले. गाय बिचारी उभी राहिली म्हणून वाचले.

चिनारा म्हणाली, “नान कधीपासून बंद केलात?”

“मांसाने अंग बनतं ना? तूच म्हणालीस.”

“आपा, कढईत मांस टाकलं आणि खाली सरपणच घातलं नाही, तर शिजेल का? नान म्हणजे सरपण. तो तुम्ही सोडलात तर तुमचं शरीर त्या मांसाचंच सरपण करणार. मग मांडीला काय उरेल?”

मला पटलं. आता व्यायामाच्या आधी नानचा एक तुकडा आणि चहा, व्यायाम झाल्यावर अंडं नाहीतर वाटीभर दही. दुपारी राजमा आणि भात, रात्री शेवया आणि मांस, दोन्ही माझ्या ताटात. मुरंबा मात्र कमी झाला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण एजे, माझ्या मांडीला हात लावून बघशील तर खोटं वाटेल तुला. कणकेच्या गोळ्यासारखी मऊ पडली होती, आता दाबली तर बोट रुततच नाही. मी रोज दाबून बघते. दंडातही जीव आलाय. राजम्याच्या दोन थैल्या शिवल्यात, त्या वर-खाली करते. या वयात स्वतःच्या अंगाचं कौतुक करायची लाज वाटायला हवी, पण मला मजाच वाटते.

आता तू विचारशील, या वयात हे खूळ घेतलंसच का? मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. एरमेकलाही नाही. तुला सांगायचं तर लेखणी अडखळते आहे. चहा पिऊन येते.

प्याले. सांगते.

एरमेकचे वडील गेल्यापासून सगळ्यांनी मला मानाच्या जागी बसवून टाकलं. दारासमोरची जाड गादी, मागे लोड, पुढे चहा. पाणी आणायला उठले तर, “तुम्ही बसा!” गाय दोहायला निघाले तर, “लोक काय म्हणतील, सून असून सासू दूध काढते!” मी बसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बसून बसून माझे पाय गेले आणि ते मला कळलंसुद्धा नाही.

मागच्या शरदात राजम्याचे व्यापारी आले होते. अंगणात खाट टाकून भाव चालला होता. मी मागच्या शौचकुपात गेले. आपलं ते फळ्यांचं, भोकाचं, तुला माहीतच आहे. बसले, आणि एजे, मला उठताच येईना. एकदा जोर केला, पुन्हा केला. भिंतीला धरावं तर फळ्या गुळगुळीत. हाक मारायची तर बाहेर सगळे परके पुरुष. मग मी तशीच राहिले. पाय सुन्न झाले, मागे टेकले, अंगावरचं सगळं खराब झालं. व्यापारी जायचं नाव घेईनात. बाहेर ते हसत होते आणि मी आत तोंडात डोक्यावरचा रुमाल कोंबून रडत होते. आपण दोघी घोड्यावर उलट्या बसून शर्यत लावायचो, ती मी, स्वतःच्या घाणीत बसले होते.

चिनारा शोधत आली. दार ढकललं, बघितलं, दार मागे लावून घेतलं. म्हणाली, “आपा, हात माझ्या मानेत टाका. आवाज करू नका, ते अजून आहेत.” तिने मला अंगावर घेऊन गोठ्याच्या बाजूने आत नेलं, गरम पाणी काढलं, लहान पोराला घालावं तशी आंघोळ घातली. कपडे तिनेच धुतले. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने त्यातलं एक अक्षर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, स्वतःच्या आईजवळ नाही, माझ्याजवळसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, “आपा, उद्यापासून गोठ्यात या. कुणाला कळणार नाही.”

त्या उठाबशा, एजे. हात छातीवर जोडायचे, मागच्या ओंडक्याला टेकेपर्यंत खाली जायचं आणि वर यायचं. आधी खांबाला धरून, मग न धरता. ती समोर उभी राहून म्हणायची, “अजून खाली. आपा, तुम्ही फसवताय. अजून खाली!” आणि दाराच्या फटीतून शेजारच्या बुरुलने बघितलं ते एवढंच : पांढऱ्या रुमालातली सासू हात जोडून वाकतेय आणि उंच सून ताठ उभी राहून हुकूम सोडतेय. नव्या नवरीने वाकावं, अगदी तसं. तिला तरी काय दोष देऊ? मीही बघितलं असतं तर तेच समजले असते.

मग बुरुलच्या घरी नातवाचा समारंभ झाला. माझ्या पुढ्यात वाटा आला. यावेळी मी पिशवी काढली नाही, सुरी काढली आणि खायला लागले. सगळी ओळ माझ्याकडे बघत राहिली. बुरुल म्हणाली, “काय गं झुराकान, सून घरी खायलाही घालत नाही का? आधी वाकवते, मग जेवू घालते की काय?” बायका फिदीफिदी हसल्या. चिनारा चहा वाढत होती. ती माझ्याकडे बघत होती, की आपा आता काहीतरी बोलतील.

मी बोलले नाही. बोलायचं तर शौचकूप सांगायला लागलं असतं. मी मांस चावत राहिले आणि माझी लाज तिच्या डोक्यावर ठेवून घरी आले. तिथून ते पसरत तुझ्यापर्यंत टोकमोकला आलं.

तुझा निरोप ऐकल्यावर दुसऱ्या सकाळी ती गोठ्यात आली नाही. म्हणाली, “आपा, तुम्हाला जमतंय आता. माझी गरज नाही.” खोलीत तिची बॅग उघडी दिसली. एरमेकचा फोन आला होता म्हणे. तो तिकडे रशियात, येकातेरीनबुर्गमध्ये, इमारतीच्या मचाणावर उभा राहून संसाराचे निर्णय घेतो. मी त्याला म्हटलं, “गाढवा, तुला काही माहीत नाही.” तर म्हणतो, “मग सांग ना काय ते.” आईने मुलाला हे कसं सांगावं? शेवटी म्हणाला, “सायरा मावशी म्हणेल तसं.” त्याला लहानपणी तू सांभाळलंस, माझ्याहून तुझाच शब्द त्याला मोठा.

त्याच दिवशी मी बुरुलकडे गेले. तिच्या ओसरीवर चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. फळ्या, भोक, आंघोळ, सगळं. एकीलाही हसू आलं नाही. बुरुल खाली बघत होती. मी निघाले तशी फाटकापर्यंत मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, “झुराकान, मीही शौचकुपात दोरी बांधलीय. तिला धरून उठते. तुझी सून मला शिकवेल का?” आता सकाळी गोठ्यात आम्ही दोघी असतो. बुरुल फार फसवते. खाली जातच नाही आणि वर “झालं” म्हणते. चिनारा परवा तिच्यावर ओरडली आणि मग कितीतरी दिवसांनी हसली. बॅग मात्र अजून भरलेलीच पलंगाखाली आहे. तू बोलेपर्यंत ती रिकामी व्हायची नाही.

गावाला मी सांगितलं. एरमेकला तू सांग. सगळं सांगू नकोस, पुरेसं सांग. मला बरं चाललंय, एजे, फार बरं चाललंय. सकाळी भूक लागते, रात्री झोप लागते, आणि अंगात काही करावंसं वाटतं. हे सगळं मला तिने दिलं आणि तिच्या वाट्याला बोलणी आली.

हे पत्र टपालाने आलेलं नाही, एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. तुमच्या जवळच, बिश्केकला, शिक्षकांचं शिबिर आहे, त्यासाठी निघालेल्या बाईच्या हाती मी ते दिलं. आधी नाही म्हणाली. “त्यांच्या दारात मी कोणत्या तोंडाने उभी राहू?” मी म्हटलं, “माझ्यासाठी जा.” यात काय लिहिलंय ते तिला माहीत नाही, विचारलंही नाही. तुझं बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय, तरी ती आली. तू वाचते आहेस तेवढा वेळ ती उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभी असेल. तू ये म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही.

उठ एजे, आणि तिला आत घे.

चिनाराची सासू,
तुझी धाकटी बहीण,
झुराकान