फियाट कुणाच्या नावावर

मी, व्यंकटराव नागोराव एकलारे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, मूळ गाव देगलूर, हल्ली मुक्काम लातूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी भरीस पाडलेले नाही. डोळ्यांबद्दल मात्र डॉक्टरांचे मत निराळे पडले आणि त्यांनी गेल्या महिन्यात माझे स्टिअरिंग सोडवले. म्हणून हा खटाटोप. घरदार, पैसा ज्याचे त्याला आपोआप जाते. माझ्या फियाटचे तसे नाही. तिला माणूस बघून द्यावे लागणार आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कुणी म्हणाले तर तो माणूस खोटा समजावा.

१. राहते घर माझी पत्नी धोंडाबाई हिच्याकडे ती हयात असेपर्यंत राहील. त्यानंतर मुलगा रामकिशन आणि मुलगी सिंधु यांना निम्मे निम्मे. धोंडाबाईला कुणी 'चार दिवस' म्हणून पुण्याला रामकिशनकडे नेऊन ठेवू नये, तिला तिथे करमत नाही. हौदातले पाणी तिच्या शब्दानेच वापरावे. सध्या शहराला पाणी रेल्वेने येते आहे आणि त्याच पाण्याने आमचे जावई आंघोळीला पाऊण तास घेतात. मी बोललो नाही. आता लिहिले.

२. बँकेतली ठेव धोंडाबाईची. तिने ती तीर्थयात्रेत घालवली तरी चालेल, रामकिशनने शेअरबाजारात घालवू नये.

३. ड्रायव्हिंग स्कूल, दोन नव्या गाड्या, फळा, खुणांचे तक्ते आणि मैदानात लावायचे डबे सिंधुचे. स्कूल गेली काही वर्षे तीच चालवते, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा कमी ओरडून चालवते.

लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याच वर्षी मी आणि माझा मित्र शेषेराव खानापुरे एका ट्रंकेत दोघांचे कपडे घालून देगलूरहून एसटीने इथे उतरलो. हिशेब साधा होता. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्यांबरोबर साहेब येणार, शेजारच्या साहेबाची गाडी बघून दुसऱ्या साहेबाला गाडी घ्यावी वाटणार, आणि शिकवायला कुणीतरी लागणार. मी वाटणीचे रान विकून सेकंडहँड फियाट घेतली. शेषेरावला गाडी मीच शिकवली. सकाळची बॅच माझी, संध्याकाळची त्याची.

फियाटचा गिअर स्टिअरिंगला असतो, डाव्या हाताशी. त्यावर एकदा हात बसला की जन्मात उठत नाही. आजही लातुरात पावसाचा टिपूस नसताना एखाद्या नव्या गाडीचे वायपर कोरड्या काचेवर फिरताना दिसले, तर ओळखावे की आतला माणूस माझा विद्यार्थी आहे. गिअर टाकायला गेला आणि हाताला वायपरची दांडी लागली. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी फियाटच घेतल्या आणि रिटायर होईपर्यंत वापरल्या. मग लोकांना फियाटमध्ये पांढरी डोकीच दिसू लागली आणि लोक म्हणाले, ही म्हाताऱ्यांची गाडी. अरे बाबांनो, गाडीने काय केले? घेतली तेव्हा ते सगळे काळ्या मिशीचे होते.

४. आता भांडणाचे कलम. १९८७ साली शेषेरावने मारुती ८०० आणली, माझ्यासमोरच वेगळे स्कूल काढले आणि बोर्ड लावला: 'म्हाताऱ्यांच्या गाडीवर शिकू नका.' मी बेचाळीस वर्षांचा होतो. रस्ता ओलांडून गेलो आणि विचारले, "शेष्या, म्हातारं कोन हाय रे?"

तो म्हणाला, "गाडी हाय, तू न्हाईस. पन तिच्यातच बसून राहिलास तर तू बी व्हशील."

तेव्हापासून एकोणतीस वर्षे त्याने माझ्या गाडीला हात लावला नाही. लग्नकार्यात पंगतीला बसला तरी मधे दोन ताटे सोडून. मला त्याचा फार राग आला होता आणि त्याहून जास्त त्याची सवय झाली होती, ती काही केल्या मोडली नाही.

यंदा चैत्रात तो त्याच्या ८०० मधून उतरताना दिसला. आधी काठी, मग एक पाय, मग दाराला धरून बराच वेळ काहीच नाही. बाजूची कॉलेजची पोरे म्हणाली, "थांबा रे, आजोबांची गाडी आहे." शेषेरावने ते ऐकले, आणि मी ऐकले हेही त्याने पाहिले. मी हसलो नाही. घरी येऊन हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला चहाला बोलावले, तो आला, आणि साखर कमी पडली म्हणून भांडला. सिंधुच्या नव्या गाड्यांवर शिकणाऱ्या पोरींनीही हे ध्यानात ठेवावे. त्याही गाड्यांचे असेच होणार आहे.

५. फियाट. रामकिशनला विचारले. तो म्हणाला, "अण्णा, सोसायटीत लावली तर वॉचमन विचारेल, कोण आजोबा आलेत?" सिंधु म्हणाली, "अण्णा, राग येईल तुम्हाला, पण ती दारात उभी दिसली की पोरी फाटकातूनच माघारी जातात." राग आला. रात्री जेवलो नाही. सकाळी भूक लागल्यावर तिचे पटले. नांदेडचा एक भंगारवाला येऊन गेला, तो वजनावर बोलू लागला. धोंडाबाईने त्याला पाणी विचारले नाही, आणि दुष्काळात त्याबद्दल तिला कुणी नावेही ठेवणार नाही.

सबब, माझी फियाट मी शेषेराव गंगाराम खानापुरे यास देतो. तो गिअर त्याच्या हाताला ठाऊक आहे. सीट खुर्चीसारखी उंच आहे, त्याच्या गुडघ्याला वाकावे लागणार नाही. आणि तिला म्हातारी म्हणून नाव त्यानेच ठेवले, तेव्हा त्यानेच तिच्यात बसावे. ही शिक्षा की भेट, ते त्याचे त्याने ठरवावे. गाडी पाणी घालून धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसावी. त्याने नको म्हटले तर भंगारात द्यावी. तिसरे नाव माझ्याजवळ नाही. त्याला हे मी अजून विचारलेले नाही, माझ्याने विचारवले नाही. साक्षीदार म्हणून तो सहीला येईल तेव्हा वाचून दाखवीन.

६. सहीआधीचा जादा मजकूर. वरचे सर्व आज वकीलसाहेबांसमोर वाचून झाले. पाचवे कलम चालू असताना शेषेराव पंख्याकडे बघत होता. वाचून झाल्यावर त्याने खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि चष्मा लावला.

वकीलसाहेब म्हणाले, "काका, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष न केलेली बरी. सही करत असाल तर मी ते गाडीचे कलम खोडतो."

शेषेरावने कागद जवळ ओढला. मला वाटले, झाले, हा करतो सही. धोंडाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"येंकट्या," तो म्हणाला, "बॅटरी जित्ती हाय का?"

"हाय."

"मग मेल्यावर कशाला देतूस? उद्या सकाळी किल्ली दे. तू बाजूला बस, वरडायला."

त्याने टोपण लावले, पेन खिशात घातले आणि खिडकीतून शेजारच्या केवळाबाईंना हाक मारली, "बाई, जरा सहीला या, हितं एक साक्षीदार कमी पडलाय."

वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून नमूद करतो की, या कागदावर शेषेराव गंगाराम खानापुरे यांची सही नाही, आणि ती न करणे त्यांच्या स्वतःच्या खुशीचे आहे.

ठिकाण: लातूर
तारीख: १४ मे २०१६

लिहून देणार: व्यंकटराव नागोराव एकलारे (सही)

साक्षीदार:
१. हणमंतराव माधवराव बिलोलीकर, निवृत्त लिपिक (सही)
२. केवळाबाई रामजी सोनकांबळे, शेजारी, ऐनवेळी बोलावल्या (सही)