उजवा स्पीकर

दि. ४ फेब्रुवारी

तुझ्या त्या काळ्या डब्याचा उजवा स्पीकर मुका झालाय आणि मंगळवारपासून माझं डोकं उठलंय. आधी हे ऐकून घे, आशीर्वाद नंतर.

चि. खुडबुड्यास,
आजीचे अ. आ.

फोनवर तू हो आजी, हो आजी म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून कागदावर लिहिते. माझं अक्षर वाकडं आहे. वाचताना तूही मान वाकडी कर.

याला होम थिएटर म्हणतात म्हणे. घर माझं आणि थिएटर तुझ्या आजोबांचं. तू डबा लावून गेलास तेव्हा आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. बातम्या सांगणारी बाई आमच्याच खोलीत येऊन बसल्यासारखी वाटायची. नातवाने आणलाय म्हणून हे शेजारच्या शिंपिणीला मुद्दाम बोलावून ऐकवत होते. तिला शिवणाची घाई, तरी सोडलं नाही.

आणि मंगळवारी सकाळी उठले ते कुरकुरतच. टीव्ही लावला आणि म्हणाले उजवा गेला. वर म्हणतात डबा बंद केला तरी बारीक शिट्टी घालतो. मला ती ऐकू येत नाही, पण माझे कान कुठे कामाचे राहिलेत? ह्यांच्या कानाचं तुला ठाऊकच आहे. बसच्या वर्कशॉपात जन्म काढला. लोखंडी सळई इंजिनाला टेकवायची, दुसरं टोक कानाला, आणि झाकण न उघडता सांगायचे आत काय बिघडलंय ते. तो कान म्हणतो उजवा गेला, म्हणजे गेला.

शिट्टीने झोप नाही. उठताना ह्यांना गरगरलं म्हणून भिंत धरावी लागली. तेही तुझ्या डब्याच्या नावावर मांड. शिवाय मेला मधेच आपोआप बंद पडतो. धूळ बसू नये म्हणून मी वर विणलेला रुमाल घातलाय, इतकं जपते, तरी बंद पडतो. स्वस्तात मिळाला म्हणून उचललास ना? खरं सांग.

माझा लोभ आहे तेवढाच आहे, डब्यावरून घटायचा नाही.
तुझी आजी


दि. ९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र मान वाकडी करून वाचलं. आता ती सरळ होत नाही.

आधी तो रुमाल काढ. डब्याच्या पाठीवर ज्या फटी आहेत त्यातून तो श्वास घेतो. फटी झाकल्या की तापतो, आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. तू फ्रिजला झालर लावलीस, मिक्सरला टोपरं घातलंस, लहानपणी मलाही घातलंस, आम्ही कोणी तक्रार केली नाही. पण हा गुदमरतो.

स्वस्तातला आहे हे खरं. दुकानात याच्याहून वरचे होते, माझी उडी एवढीच. पण चार ठिकाणी ऐकून, ज्याच्यावर माणसाचं बोलणं सगळ्यात स्वच्छ येतं तो निवडला. आजोबांना गाण्यापेक्षा बातम्या प्रिय, म्हणून.

उजव्या स्पीकरची तार मागे सैल झाली असेल. लाल लालमध्ये, काळी काळ्यात, दाबून बसव. आणि शिट्टीचं म्हणशील तर भिंतीतला प्लगच काढून ठेव. त्यानंतरही आजोबांना शिट्टी ऐकू आली तर मला लगेच कळव, कारण मग ती डब्याची नाही. येत्या रविवारी मी दुकानातून डबाच बदलून आणतो. आजोबांना सांग, त्यांचा उजवा बोलेपर्यंत मी हलणार नाही.

तुम्हा दोघांची माया आहेच, चेष्टेवर रागावून ती आवरती घेऊ नकोस.
तुझा
खुडबुड्या


दि. २० फेब्रुवारी

भरल्या ताटावरून उठून जाणाऱ्याला खरं तर पत्र लिहूच नये. ताट विसळताना राग आला, म्हणून लिहिते.

चि. खुडबुड्यास, अ. आ.

नवा डबा आणलास, चांगलं केलंस. तो इवलासा माइक ह्यांच्या खुर्चीत ठेवलास आणि आम्हा दोघांना स्वयंपाकघरात उभं केलंस. शिंकायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. डबा एकेका स्पीकरमधून टुक टुक करून खोली मोजतो म्हणे. मी आपली पदर तोंडावर धरून उभी. मग टीव्हीवर अक्षरं उमटली की सगळे स्पीकर ठीक. तू आमच्याकडे असं बघितलंस, जसा काही परीक्षेत पहिला आलास.

हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, उजवा मुकाच आहे. तू डावा उचलून उजवीकडे ठेवलास, उजवा डावीकडे. तरी ह्यांचं तेच. तेव्हा तू म्हणालास की खोट डब्यात नाही, मी आणलेली वस्तू आजोबांना खुपते. ह्यांनीही काही मागे ठेवलं नाही. म्हणाले, स्वस्तातला माल आणायचा आणि वर माझा कान खोटा ठरवायचा, असल्या खेळण्याचं ऐकून? एवढ्यावर तू उठलास. मी पाणी आणायला आत गेले, बाहेर येते तर चपला नाहीत.

दोघेही एका मुशीतले. एकाला आपल्या यंत्राचा ताठा, दुसऱ्याला कानाचा. आणि मधे मी, वाढपी. हे त्या दिवसापासून टीव्ही कमी लावतात. लावला तर असा मोठा, की शिंपीण भिंत ठोकते.

राग धर, पण जेवून धर. एवढं ऐकलंस तरी लोभ पोचला म्हणेन.
आजी


दि. २७ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

ताटावरून उठलो ती माझी चूक. पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस. तू आत होतीस तेव्हा मी त्यांच्या खुर्चीशेजारी, दाराच्या बाजूला उभा राहिलो आणि म्हणालो की आजोबा, चुकलं, मी असं बोलायला नको होतं. त्यांनी टीव्हीवरची नजरसुद्धा हलवली नाही. मी थोडा थांबलो, मग चपला घातल्या.

त्यानंतर फोनही केला. हॅलो, हॅलो म्हणतात, माझं बोलणं सुरू झालं की ठेवून देतात. आता मी करणार नाही. डबा कोणालाही देऊन टाक.

तुझी माया राहू दे, त्यांची मागून मिळत नाही.
खुडबुड्या


दि. १४ मार्च

डबा चांगला होता. आधीचाही चांगला होता. आमची अक्कल तेवढी बंद पडली होती, तीही रुमाल न घालता.

चि. खुडबुड्यास, आजीचे अ. आ.

परवा हे खिडकीशी दाढी करत होते. आरसा खिडकीच्या गजाला, पाठ टीव्हीकडे, बातम्या चालू. मी शेंगा निवडत होते. एकदम खुशीत म्हणाले की बघ, त्याचा उजवा बोलायला लागला, पण आता डावा मेला. मी हातातली शेंग खाली ठेवली. उठले, एका स्पीकरवर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. दोन्ही थरथरत होते. मग ह्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हळू आवाजात शिव्या दिल्या, चांगल्या ठेवणीतल्या. हे आपले साबण फासतायत. डावीकडे गेले, त्याच आवाजात चहा विचारला, तर हो म्हणाले.

कानाच्या डॉक्टरणीने ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला पटापटा दाबत होते. उजव्याची पाळी आली आणि अंगठा बटणावर नुसता बसून राहिला. बाहेर बाई आवाज वाढवतेय, वाढवतेय, आणि हे वाट बघतायत. वर्कशॉपात सळई लावून बसायचे तसं तोंड करून.

कधीपासून, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, मंगळवार, शिट्टी, गरगरणं, भिंत. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, कानाची नस अशी कधीकधी एका रात्रीत जाते. पहिल्या पंधरवड्यात आला असतात तर औषध होतं. कान नक्की परत आला असता असं नाही, पण पुष्कळांचा येतो. आता नाही. आता डावा सांभाळा म्हणाली.

त्या पंधरवड्यात आम्ही तारा दाबत होतो. प्लग काढल्यावरही शिट्टी येतच होती, खुडबुड्या. तू कळव म्हणाला होतास. रुमालावरून चेष्टा केलीस म्हणून मी फुगून बसले, कळवलं नाही. कानाहून माझा रुमाल मोठा झाला. यावर तू मला समजवायला जाऊ नकोस, मी समजणार नाही.

घरी आल्यावर तुझं मागचं पत्र ह्यांना वाचायला दिलं. तोवर मी लपवून ठेवलं होतं. वाचलं आणि मला विचारलं, कुठल्या बाजूला उभा होता तो? दाराच्या, म्हटलं, तिथेच लिहिलंय. दार खुर्चीच्या उजवीकडे. मग म्हणाले, मला वाटलं तो न बोलताच गेला. फोनचंही तेच निघालं. सवयीने उजव्या कानाला लावतात आणि तू घुम्यासारखा गप्प आहेस म्हणून ठेवतात.

रडले वगैरे नाहीत. खुर्ची तेवढी उचलून पलीकडच्या भिंतीला नेली, दार डावीकडे येईल अशी. टीव्ही आता तिरपा दिसतो. दिसू दे म्हणाले.

लोभ होता तिथेच आहे, मधे थोडा वेळ कोणाला ऐकू आला नाही एवढंच.
तुझी आजी

ता. क. याचं उत्तर मला नको. तू त्या दिवशी खुर्चीशेजारी जे बोललास ते कागदावर लिही आणि पाकिटावर आजोबांचं नाव घाल. मी फोडणार नाही. ह्यांना बजावून ठेवलंय की त्या पत्राला उत्तर मी लिहिणार नाही, सांगितलं तरी लिहिणार नाही. ते त्यांनीच लिहायचं.