माळ्यावरच्या सिस्टर

३ फेब्रुवारी, मंगळवार

वर कुणीतरी घोरतंय!

काल वाटलं, कानांचं काही झालं. आज दिवेलागणीला पुन्हा तेच. मागच्या खोलीच्या छतातून — लांबलचक, खरखरीत, मध्ये थांबून पुन्हा सुरू. अगदी माणसासारखं. वर तर नुसता माळा. सहा वर्षं या घरात राहते, पण खाट या खोलीत गेल्याच महिन्यात आणली, पुढच्या खोलीत ओल आली म्हणून. म्हणजे हे घोरणं नवं आहे की मीच नवी आहे?

कोपऱ्यात छतावर पिवळट डागही दिसला. त्याचा आकार किटलीसारखा आहे.

५ फेब्रुवारी

मालकांना फोन केला. पन्नाशीचे गृहस्थ, मला मावशी म्हणतात. म्हणाले, "उंदीर असेल, मावशी." मी म्हटलं, उंदीर घोरतो? तर म्हणाले, "तुम्ही वर जाऊ नका. अजिबात जाऊ नका." दोनदा म्हणाले. एवढं घाबरण्यासारखं काय आहे त्यात? गंमतच आहे या माणसाची. दर महिन्याला येतात, व्हरांड्यात उभ्याउभ्या चहा घेतात, आणि आत या म्हटलं की "असू दे, असू दे". लहानाचे मोठे याच घरात झालेत म्हणे!

जेवणानंतर भाडेकरार काढून वाचला. कलम नऊ — सदर जागेची डागडुजी आणि तिथे होणारा प्राण्यांचा, कीटकांचा शिरकाव, ही जबाबदारी मालकाची. कलम चौदा — पाळलेल्या प्राण्याची जबाबदारी भाडेकरूची. म्हणजे आगंतुक असला तर त्यांचा, लाडका असला तर माझा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांना पत्र लिहिलं. रजिस्टर करून टाकलं. बऱ्याच दिवसांनी हात असा सरसर चालला.

एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे खात्यात काढली. लोकांचे दावे नाकारायची पत्रं मी टाईप करायची — साहेब नुसते "नाही म्हणून कळवा" म्हणायचे, बाकी सगळं माझं. एकही पत्र परत आलं नाही. त्याआधीचं शिक्षण कॉन्व्हेंटच्या शाळेत, जोगीण सिस्टरच्या हाताखाली. पत्रलेखनाच्या तासाला त्या प्रत्येकीचा कागद उजेडासमोर धरायच्या आणि विचारायच्या, "कुठून वारा येतोय, मुली?" जिथे समोरच्याला निसटायला जागा राहिली, तिथे लाल पेन्सिलीने एवढंसं भोक काढायच्या. माझ्या कागदाला सातवीनंतर भोक पडलं नाही.

आजच्या पत्रालाही नाही. कलम नऊ, तीस दिवसांची मुदत, आठ मार्चपर्यंत शिरकाव बंद न झाल्यास होणाऱ्या सर्व परिणामांना आपण जबाबदार. आपली विश्वासू. खाली सही करताना, खरं सांगते, अंगावर मूठभर मांस चढलं.

८ फेब्रुवारी, रविवार

न राहवून वर गेले. घरातल्या बोळात झाकणाखाली उंच स्टूल, त्यावर मी, हातात टॉर्च. या वयात! माळ्याचं झाकण डोक्यानेच ढकललं.

आणि समोर सिस्टर!

पांढराशुभ्र चेहरा, बदामाच्या आकाराचा, कडेने बारीक तपकिरी किनार — जसा डोक्यावरच्या त्या घट्ट पांढऱ्या फडक्यातून दिसायचा तसा. काळे डोळे. जरा मान कलती करून माझ्याकडे बघितलं. वर्गात उशिरा शिरल्यासारखं झालं मला. तोंडातून आपोआप "गुड मॉर्निंग, सिस्टर" निघालं. देवाशप्पथ!

घुबड आहे. मागे छपराखाली वीतभर फट, तिथून जा-ये. कोपऱ्यात पाण्याची जुनी टाकी. आणि पुढ्यात — पिल्लं! मळक्या लोकरीचे गोळे, तीन. एक मोठं, एक मधलं, एक लहान, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. घोरतात ती हीच. भुकेने घोरतात.

खाली येऊन तोंड धुतलं. पण हसू थांबेना.

सिस्टरही घोरायच्या. वसतिगृहात मला गोवर आला होता, नऊ वर्षांची होते, तेव्हा चार रात्री माझ्या खाटेशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विचारलं की म्हणायच्या, "मी? मी तर प्रार्थना करत होते."

११ फेब्रुवारी

पत्र पोचलं. मालकांचा फोन — आवाज इतका पडलेला! "मावशी, एवढं कडक पत्र? सहा वर्षांत मी काही कमी केलं का हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, अहो ते तसं नाही, सवयीने लिहिलं गेलं. तर म्हणे, "मेव्हण्यांना दाखवलं. वकील आहेत ते. म्हणाले, हे पत्र कुणा पोचलेल्या माणसाने लिहिलंय, तीस दिवसांच्या आत काम करून मोकळे व्हा." सात मार्चला पेस्ट कंट्रोलवाला ठरवलासुद्धा.

मी म्हटलं, घुबड आहे हो ते, पिल्लं आहेत. मग म्हणाले, "तुम्ही वर गेलात?"

१३ फेब्रुवारी

पेस्ट कंट्रोलवाला पाहणी करून गेला. गोरागोमटा, हसरा, पेनला दोरी बांधून गळ्यात अडकवलेलं. माझं आणि त्याचं बोलणं असं —

"दोन तासांचं काम, काकू. आधी बाहेरून फट बुजवायची, मग आत धूर."

"आणि पिल्लं?"

"कसली?"

"घुबडाची."

त्याने यादी काढली. उंदीर, घूस, झुरळ, ढेकूण, वाळवी. बोट खालपर्यंत नेलं. "घुबड नाहीये आमच्यात. 'इतर'मध्ये टाकतो."

'इतर'! माझी सिस्टर!

१५ फेब्रुवारी

ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. गव्हाणी घुबड. अंड्यातून एकदम बाहेर येत नाहीत, दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात, म्हणून त्या पायऱ्या. उडायला दोन महिने. म्हणजे सात मार्चला उडणं शक्य नाही. फट बुजली की संपलंच. आई बाहेर, पिल्लं आत, नाहीतर सगळीच आत. आणि हे सगळं माझ्या सहीने!

छपराच्या फटीखाली, अंगणात, काळ्या चकचकीत गोळ्या पडतात. आजवर मांजराची घाण समजून झाडून टाकत होते. पुस्तकात लिहिलंय की न पचलेलं सगळं ती तोंडावाटे अशी गोळा करून टाकते. एक उचलली, वर्तमानपत्रावर ठेवून भरतकामाच्या सुईने उकलली. आत राखाडी लव, आणि लवेत चार कवट्या! नखाएवढ्या, पूर्ण, पिवळे दात जागच्या जागी. एका रात्रीत चार उंदीर. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या यादीतली पहिली ओळ ती फुकटात खोडतेय.

कवट्या धुऊन काड्यापेटीत कापसावर ठेवल्या आहेत. ताईचा फोन आला तेव्हा सांगितलं. म्हणाली, "तू निवृत्त झाल्यावर कशिदा करणार होतीस ना?"

१८ फेब्रुवारी

पहिलं पत्र मागे घेत असल्याचं दुसरं पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. मालकांनी तिथल्या तिथे मेव्हण्यांना फोन लावला. मेव्हणे इतके मोठ्याने बोलतात की मला सगळं ऐकू आलं. "मागे घेतलं तरी कलम नऊ उरतंच! उद्या छत गळलं, बाईंना काही चावलं, की हेच पत्र बाहेर निघेल. काम करून टाका!"

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, तुमच्याच पत्राने माझे हात बांधलेत."

२० फेब्रुवारी

बरोबर आहे त्यांचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर माझ्याच पत्राची नक्कल पुढे घेऊन बसले. उजेडासमोर धरली. कुठून वारा येतोय, मुली? कुठूनच नाही. शब्द न् शब्द चिरेबंद. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मेली जराशी ढिलाई केली असती तर!

वर जाऊन आले. मोठ्याच्या अंगावर लव जाऊन पिसं येताहेत, चेहऱ्याचा आकार दिसायला लागलाय. लहानगं मागून मान काढून डोकं गोल फिरवतं — वर, खाली, उलटं — जणू माझंच काहीतरी चुकलंय आणि ते शोधतंय. मी त्याला म्हटलं, शोध बाई, मला तर सापडत नाहीये.

मनात आलं, पाळलेली आहेत असंच लिहून द्यावं का? कलम चौदा, जबाबदारी माझी. पण ते खोटं झालं असतं. ती काही माझी नाहीत. मी नुसती स्टुलावर उभी राहणारी बाई.

२८ फेब्रुवारी

सापडलं!!

पत्रात नाही. करारात. मी कायम कलमंच वाचत बसले, पहिलं पान कधी वाचलंच नाही. तिथे "सदर जागा" म्हणजे काय ते लिहिलंय — दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, व्हरांडा. पूर्णविराम. माळा नाही! माळा मला कधी भाड्याने दिलेलाच नाही. मग माळ्यावर शिरकाव झाला तर माझ्या जागेत शिरकाव कुठे झाला? कलम नऊ लागूच नाही, माझी तक्रार जन्मालाच आली नव्हती.

एकतीस वर्षं लोकांना हेच लिहून कळवलं — "नमूद नुकसान विम्याच्या जागेबाहेर झाले असल्याने". आणि स्वतःच्या वेळी पहिलं पान उलटून पुढे गेले. सिस्टरनी कागदाला केवढं भोक पाडलं असतं!

आनंदाने चहा टाकला. दुसऱ्या घोटाला लक्षात आलं. माळा माझा नाही, तर मला वर जायचाही हक्क नाही. हे लिहून द्यायचं तर तेही लिहून द्यायला हवं. अर्धंच लिहिलं तर वारा येईल.

चहा गार झाला.

२ मार्च

तिसरं पत्र घेऊन मालकांकडे जाणार होते, तेच आले. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे, मावशी... ती घुबडं माझी?"

"तुमच्या माळ्यावरची."

"मग मी त्यांचं काय करू?"

"काहीच नाही. काही न करणं हेच काम आहे. दोन महिन्यांची झाली की आपणहून उडतील, मग फट बुजवा नाहीतर ठेवा. घर तुमचं."

बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत होते. मग एकदम म्हणाले, "मला मागच्या खोलीत झोपवायचे. एकटा. वर कुणीतरी घोरायचं. आईला सांगितलं की म्हणायची, वर कुणी नाही, झोप. वडील म्हणायचे, भित्रा आहे. मी बारा वर्षांचा होईपर्यंत डोक्यावर उशी घेऊन झोपलो." कप कठड्यावर ठेवला. "म्हणजे होतं कुणीतरी."

"होतं ना," मी म्हटलं. "पिल्लं होती. त्यांना भूक लागली होती."

त्यांनी उंबऱ्याच्या आत पाहिलं, मागच्या खोलीच्या दिशेने. आत मात्र आले नाहीत.

४ मार्च

मेव्हणे राजी. एकच अट — माळ्याच्या झाकणाला कुलूप, किल्ली मालकांकडे, आणि मी वर पाऊल ठेवणार नाही असं लेखी. दिलं. पेस्ट कंट्रोलवाल्याला नको म्हणून कळवलं. हिरमुसला. 'इतर'मध्ये पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं म्हणे.

सुतार येण्याआधी शेवटचं बघून आले. तिघं ओळीत. सिस्टर फटीशी, डोळे मिटून. मी म्हटलं, येते हं. त्यांनी एक डोळा उघडला. प्रार्थनाच करत असणार.

५ मार्च

कुलूप लागलं. लहानसंच आहे, पितळी.

७ मार्च, शनिवार

दिवेलागणीला खाटेवर पडून ऐकते. आता आवाजावरून ओळखते — मोठ्याचा जाडा, मधल्याचा घाईचा, लहानग्याला मध्येच शिंक आल्यासारखं होतं. कधीकधी त्याच्याही मागून एक अगदी बारीक सूर येतो. वारा असेल. बघता येत नाही, त्याने जीव नुसता वरखाली होतो. स्टूल बोळातून हलवलं नाहीये.

८ मार्च, रविवार

मुदतीचा दिवस. सकाळी मालक आले — आणि चपला काढून सरळ आत! एक शब्द न बोलता बोळात गेले, खिशातून किल्ली काढली. म्हणाले, "माळा माझा आहे. तुम्हाला जायची परवानगी नाही. तुम्ही फक्त स्टूल धरा."

धरलं. कुलूप निघालं, झाकण सरकलं, मालक कमरेपर्यंत आत गेले. मला त्यांचे पायमोजे तेवढे दिसत होते, एकाला भोक.

मग वरून, लहान मुलासारखा आवाज — "मावशी! तीन नाहीत हो. चार आहेत! टाकीच्या मागे एक आहे, एवढंसं!"

"उतरताय ना? चहा ठेवते."

"थांबा हो जरा," मालक म्हणाले. "ते माझ्याकडे बघतंय."