कपाट शुभाचं, खोली नंदकिशोरची

मी, खाली सही करणारा दत्ताराम सखाराम मेस्त्री, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा सुतारकाम, पूर्वी गिरणीच्या सुतारखात्यात नोकरीस, हल्ली राहणार स्नेहदीप सहकारी गृहनिर्माण संस्था, दुसरा मजला, बोरिवली पूर्व, हे माझं पहिलं व शेवटचं मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टर जयंती कामत यांनी दिला आहे. शिवाय माझा स्वतःचा पुरावा असा, की ज्या टेबलावर हे लिहितो आहे ते वकीलसाहेबांनी सागवानी म्हणून घेतलं होतं. मी बोटाने दोनदा ठोकलं आणि ते सागवानी नसल्याचं त्यांना सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी जरा कमी बोलतात.

वकीलसाहेबांच्या मते मृत्युपत्रात कोणाला काय एवढंच लिहायचं, का ते लिहायचं नसतं. माझ्या मते का ते लिहिलं नाही, तर मागे राहिलेली माणसं आपापली कारणं काढतात व त्यावरून भांडतात. म्हणून दोन्ही लिहितो.

कलम १. माझी माणसं अशी: पत्नी शेवंती. एकुलता मुलगा नंदकिशोर, विमा कचेरीत नोकरीस. सून नलिनी. नात शुभा, वय आठ. याखेरीज शेवंतीचा धाकटा भाऊ दादू, ज्याचं गोरेगावात फर्निचरचं दुकान आहे. दादू वारस नाही, पण त्याला वगळून पुढचं काहीच समजणार नाही.

कलम २. बोरिवलीची जागा, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी, शेवंतीच्या हयातीत शेवंतीची व तिच्या पश्चात नंदकिशोरची. अट एकच. भुसा आणि रासायनिक गोंद दाबून केलेल्या फळीची कोणतीही वस्तू, मग ती वरून कितीही लाकडासारखी दिसो, या जागेत आणायची नाही. वकीलसाहेब म्हणतात ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. शेवंतीपुढे टिकेल.

कलम ३. आता या अटीचं कारण.

आमच्या लग्नाच्या वर्षी मी गावच्या फणसाच्या लाकडाचं कपाट केलं होतं. गावाहून मुंबईला ते बोटीने आलं, चाळीत राहिलं, चाळीतून बोरिवलीला आलं. १९८४ साली मी गणपतीला कणकवलीस गेलो असताना नंदकिशोरने ते जुन्या बाजारवाल्याला दिलं. मी परत आलो तर त्या जागी भिंतभर एक चकचकीत वस्तू उभी होती. मधे टीव्हीसाठी खण, बाजूंना काचा, खाली सहा ड्रॉवर. दादूने भाचा म्हणून आपल्या दुकानातून हप्त्यावर दिली होती.

"वॉल युनिट म्हणतात बाबा याला," नंदकिशोर म्हणाला. "तुमचं ते कपाट अर्धी खोली खात होतं."

मी ठोकून पाहिलं. आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा आला. तेवढंच सांगितलं, तर शेवंती म्हणाली, "येताक्षणी खोडी काढू नकात. पोराची हौस आसा."

मी गप्प बसलो. ही माझी चूक होती व ती या मृत्युपत्रात कबूल करतो.

दिवाळीपर्यंत शुभाचे डोळे लाल राहू लागले. मग खोकला लागला. तेव्हा ती पाच वर्षांची होती. शाळेतून आल्यावर जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायची आणि कोणी विचारलं तर, "मी खेळतेय," म्हणायची. नलिनीचं डोकं दुखू लागलं. घरात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला.

पहिला आरोप माझ्या विडीवर. मी विडी सोडली. खोकला गेला नाही. दुसरा आरोप माझ्या हत्यारांच्या पेटीवर, की तिच्यातून भुसा उडतो. पेटी सोसायटीच्या मीटरच्या खोलीत गेली. खोकला तिथेच. तिसरा आरोप शेवंतीच्या सुक्या बांगड्यांवर. डबा घरातून हद्दपार झाला. मला विडी सोडायला लावली तेव्हा शेवंती काही बोलली नव्हती, पण बांगड्यांवर आल्यावर तिने तीन दिवस अबोला धरला. चौथा आरोप घरात कोणी तोंडाने केला नाही. नंदकिशोरने एवढंच म्हटलं, "बाबा, तुम्ही थोडे दिवस गावाला जाता का? हवापालट होईल."

हवापालट कोणाचा होणार आहे ते मला कळलं. छातीत भुसा साठलेला म्हातारा, खोकणारा, आणि घरात लहान मूल. मी गेलो. सव्वा महिना राहिलो. नात माझ्यामुळे आजारी आहे असं मनात घेऊन गावच्या पडवीत बसणं काय असतं, ते नंदकिशोरला आजवर सांगितलं नव्हतं. आता लिहिलं. त्याबद्दल त्याला माफी केली आहे. फणसाच्या कपाटाबद्दलही केली आहे, पण ती दुसऱ्यांदा विचार करून.

परत आलो तर शुभाचा खोकला होता त्याहून वाढलेला. घरात विडी नाही, भुसा नाही, बांगडा नाही, मी नव्हतो. पिशवीतलं धोतर ठेवायला सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला आणि तसाच खाली बसलो. डोळ्यांतून पाणी आलं. तो वास मला ओळखीचा होता.

गिरणीत कापडाला सुरकुती पडू नये म्हणून फिनिशिंग खात्यात एक औषध लावत. तिथल्या लाकडी घोड्या दुरुस्त करायला मी जात असे. आत पाऊल टाकलं की नाक, डोळे, घसा एकदम झोंबत. तिथला मुकादम नव्या माणसाला सांगायचा, "पंधरा दिवस डोळे गळतील, मग सवय होते." आम्हाला सवय झाली. माझी नात सवय करून घ्यायला जन्माला आलेली नाही.

नंदकिशोरला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुमची गिरणी बंद पडली, पण तुमच्या नाकातून काही जात नाही."

दुसऱ्या दिवशी मी युनिटच्या पाठीमागून हातभर लांबीचा तुकडा कापला. त्याचे बारीक तुकडे करून लोणच्याच्या काचेच्या बरणीत घातले व झाकण घट्ट लावलं. जुन्या कपाटाची एक फळी शेवंतीने पिठाच्या डब्याखाली घातली होती, तिचे तुकडे दुसऱ्या बरणीत. दोन्ही बरण्या दिवसभर गॅलरीत उन्हात ठेवल्या. रविवारी दादू जेवायला आला. त्याला आधी फणसाची बरणी हुंगायला दिली.

"गोडसर वास येतोय भावोजी," तो म्हणाला.

मग दुसरी दिली. दादू मागे सरकला तो खुर्चीसकट. खोकला, शिंकला, डोळे पुसू लागला.

शेवंतीने विचारलं, "रडतंस कित्याक रे?"

"आईची आठवण आली," दादू म्हणाला.

"आवस बरी आसा. कालच पत्र इला."

दादू जेवून न घेता गेला. पुढे पाच महिने आला नाही.

ती बरणी घेऊन मी जयंतीबाईंच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "काका, हे कुठे मिळालं तुम्हाला? मेडिकलच्या पहिल्या वर्षी आमची प्रेतं असल्याच औषधात ठेवलेली असायची."

"आमच्या बाहेरच्या खोलीत आहे," मी म्हटलं. "मधोमध टीव्ही बसवलाय."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या फळीच्या गोंदात हे असणार. यानेच मुलीला होतंय अशी खात्री मी देत नाही. पण महिनाभर ते घराबाहेर ठेवा, मग मला दाखवा तिला."

घरी येऊन हे मी नलिनीला सांगितलं. तोवर ती युनिटच्या बाजूची होती. त्याच्या काचेत तिने आपली लग्नातली कपबशी मांडली होती. प्रेतांपर्यंत ऐकलं आणि ती उठली. मीटरच्या खोलीतून माझी पेटी स्वतः उचलून वर आणली. "बाबा, यातला स्क्रू काढायचा कुठला?" मी दाखवला. मी मदतीला सरसावलो तर म्हणाली, "तुम्ही शुभाला घेऊन खाली बागेत बसा." तीन तासांत तिने एकटीने ती भिंत मोकळी केली. तळहाताला दोन फोड आले.

नंदकिशोर ऑफिसमधून आला तेव्हा टीव्ही फरशीवर होता.

"अगं, हे काय? हप्ते चालू आहेत त्याचे."

"हप्ते तू भर," नलिनी म्हणाली. "श्वास तिला घ्यायचाय."

शेजारचे लोक पाणी तापवायला त्या फळ्या मागत होते. नलिनीने दिल्या नाहीत. जाळून तोच धूर घरोघर कशाला, म्हणाली. महापालिकेच्या गाडीतून त्या देवनारच्या कचराडेपोला गेल्या.

तीन आठवड्यांनी शुभा जिना न थांबता चढली. खोकला पुरता गेलेला नाही, धूळ उडाली की अजून येतो. पण मधल्या पायरीवर ती खेळत नाही. नंदकिशोरने एक दिवस चहा पिताना मला विचारलं, "बाबा, विडी पुन्हा सुरू करायचीय का?" त्याची माफी मागायची पद्धत तशीच आहे. मी नको म्हटलं.

कलम ४. हल्ली बाहेरच्या खोलीत जे सागवानी कपाट उभं आहे ते कोणाचं, याविषयी.

पाच महिन्यांनी दादू दारात आला तो टेम्पो घेऊन. अंधेरीला एक जुना बंगला पाडत होते, तिथल्या तुळया आणि दारं त्याने उचलली होती. "भावोजी, साठ वर्षांचं लाकूड आहे. याला सुटायचा तो वास केव्हाच सुटून गेला," म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला. शेवंतीने त्याला आत घेऊन जेवायला वाढलं. बांगडे तेव्हा परत आले होते.

कपाट करताना मी जुन्या पद्धतीचा सरस शिजवायला काढला. नलिनीने विचारलं, "हा कशाचा असतो?" मी सांगितलं, जनावरांच्या कातड्याचा. ती म्हणाली, ज्या खोलीत देव्हारा आहे त्या खोलीत हे शिजणार नाही. मी चार दिवस रागावलो. मग सगळे सांधे कुसवाचे केले, म्हणजे एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवली, व लाकडी खुंट्यांनी आवळले. त्यात गोंद नाही, खिळा नाही. वरून फक्त जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण. रागाच्या भरात केलेलं ते माझं सर्वात चांगलं काम आहे.

मात्र ते खोलीतच बांधल्यामुळे दारातून बाहेर जात नाही, हे शेवटच्या दिवशी लक्षात आलं. नंदकिशोर अजून हसतो.

हे कपाट मी शुभाला देतो. खोली नंदकिशोरची आणि कपाट शुभाचं, यात घोळ आहे असं वकीलसाहेब म्हणाले. घोळ मुद्दाम ठेवला आहे. ती कुठेही राहो, तिचं लग्न होवो अगर न होवो, आपलं कपाट उघडायला या घरात येण्याचा तिचा हक्क राहील व कोणी तिला का आलीस म्हणून विचारणार नाही. तिला ते न्यायचंच झालं, तर मागच्या बाजूने वरच्या आठ खुंट्या हातोडीने हळू ठोकायच्या. सगळं कपाट फळी फळी होऊन सुटतं. पुन्हा जोडतानाचे आकडे आतून पेन्सिलीने लिहिले आहेत.

कलम ५. माझी हत्यारं, म्हणजे दोन रंधे, चार पटाश्या, तीन करवती, गिरमिट, गुण्या व पेटी, सून नलिनी हिला. हत्यारं मुलाकडे जावीत असं बिरादरीतले म्हणतील. नंदकिशोरने १९७६ साली भिंतीत एक खिळा ठोकला होता. त्या भिंतीची डागडुजी मी केली. नलिनीने गेल्या वर्षी शुभाचं अभ्यासाचं मेज केलं, ते डगमगत नाही.

कलम ६. नंदकिशोरला माझा रेडिओ, माझं घड्याळ, आणि दर दिवाळीला कपाटाला तेल लावण्याचं काम. तेल लावलेली फडकी घरात चुरगळून ठेवू नयेत, पेट घेतात. पसरून वाळवावीत.

कलम ७. पुढे कधी कोणाला फर्निचर विकत घ्यावंच लागलं, तर दुकानात ड्रॉवर उघडून त्यात तोंड घालावं आणि दहा वेळा श्वास घ्यावा. लोक बघतात, बघू द्यावं. मग दुकानदाराला तसंच करायला सांगावं. तो टाळाटाळ करू लागला तर बाहेर पडावं. जुनं, घट्ट, दुरुस्त करता येईल असं मिळालं तर नवीन घेऊ नये. चमक बघू नये. चमक पाठीमागे नसते, म्हणून नेहमी पाठ बघावी.

कलम ८. दादू यास या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. यात राग नाही. साक्षीला ज्याला काही मिळणार नाही असा माणूस असलेला बरा, असं वकीलसाहेब म्हणाले, आणि माझ्या ओळखीत तसा तोच निघाला.

कलम ९. माझ्या पश्चात मला लाकडावर जाळू नये. जिथे विजेची दाहिनी असेल तिथे न्यावं. नातेवाईक कुरकुर करतील. त्यांना सांगावं, की पन्नास वर्षं मी लाकूड वाया जाऊ दिलं नाही, त्याला शेवटी माझ्यापायी जाळू नका. दादू म्हणतो, भावोजी, तुमच्यासाठी चांगलं लाकूड मी आणीन. आणलंच, तर नलिनीकडे द्यावं. तिला स्वयंपाकघरात एक मांडणी करायची आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी खोडून लिहिलं आहे. खोडलेल्या जागी सही केली आहे.

ठिकाण: बोरिवली
दिनांक: ८ नोव्हेंबर १९८७

(सही) दत्ताराम सखाराम मेस्त्री

साक्षीदार:

१. (सही) डॉ. जयंती कामत, बोरिवली पूर्व. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत. कलम तीन वाचून दाखवताना रक्तदाब थोडा वाढला होता, कलम पाचला पूर्ववत झाला.

२. (सही) दादू वासुदेव पांचाळ, गोरेगाव पश्चिम. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. मला यातून काही मिळणार नाही, हे वाचून, समजून व ताईच्या हातचं जेवून सही करतो. कलम नऊमधल्या मांडणीचं लाकूड आत्ताच आणून दिलं, तर भावोजींच्या हातून ती होईल. उद्या टेम्पो येतो आहे.