रिळाची शेवटची फ्रेम

८ डिसेंबर
कोंडाणे गावी पोहोचले आणि मन प्रसन्न झाले. भागूबाईंची भाड्याची खोली लख्ख आहे. खिडकीतून लेण्याकडे जाणारी वाट दिसते. संग्रहालयाने लेण्याच्या छायाचित्रांचे काम माझ्यावर सोपवले, कारण मी अजूनही फिल्मवर काम करते. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांची वानवा नव्हतीच.

वाटेत खालापूरला, बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना हाती कॅमेरा घेतला. मालक शकूर यांची नात हुमा हसत म्हणाली की आजोबा प्रत्येक रिळाची शेवटची फ्रेम कोरी सोडत. ती ‘त्याची’ असे म्हणत. कोणाची, हे घरात कोणी विचारले नाही. मी मात्र छत्तीसच्या रिळातून सदतीस काढते. कोरी फ्रेम म्हणजे आळस.

११ डिसेंबर
लेण्याच्या कमानीवर हवे तसे ऊन आले आणि शेवटच्या फ्रेमला फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर अडला. मी रेटला. आत फिल्म फाटली.

अशा वेळी कॅमेरा उजेडात उघडला की सारे रीळ वाया जाते. तो उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत घालायचा, दोन बाह्यांतून हात आत सारायचे आणि निव्वळ स्पर्शाने तुकडा सोडवायचा. ताण जाणवला की थांबायचे. हिसका कधीही द्यायचा नाही. विद्यार्थ्यांना हे बजावून माझा घसा बसला आहे.

फिल्म धुतली. फाटक्या टोकावर अंगठ्याचा ठसा होता. माझा नव्हे.

हुमाला फोनवर तिच्या गलथानपणाबद्दल सुनावले. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, रोल तुमचा, भरला तुम्ही. मी कधी हात लावला? कॅमेरा आणून द्या परत.”

उद्धट मुलगी. देणार नाही.

१३ डिसेंबर
नवे रीळ. त्याच जागी फाटले. या वेळी चार बोटांचे ठसे, फिल्म धरून ठेवल्यासारखे. मी कॅमेऱ्याला काय काय बोलले, ते लिहिण्याजोगे नाही. भागूबाई दारात येऊन म्हणाल्या, “बाई, कोनाशी भांडता? खोलीत तर कोन नाय.”

उद्या कमानीचे मुख्य चित्र मुद्दाम शेवटच्याच फ्रेमवर घेणार. ते माझे आहे.

१४ डिसेंबर, दुपार
चित्र मिळाले. असे ऊन पुन्हा लाभणार नाही. लिव्हर ओढताच रीळ फाटले.

पिशवीत तुकडा चाचपताना माझ्या बोटांना बोटे लागली. गार. ओली, धुलाईच्या पाण्यातून काढल्यासारखी.

हात बाहेर घेतले. रीळ आतच राहिले, चित्रासह. मी घाबरलेली नाही. संतापले आहे. माझ्या कामाला हात लावायचा अधिकार कोणालाही —

जाते पुन्हा आत.

नंतर
डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा पिशवीत. मनगट धरलेले.

लिव्हरवर माझे बोट नाही. तरी फिरतो. खट्. मधले बोट फिल्म ओढणाऱ्या दात्यांत —

भागूबाई वालाच्या शेतात. हाक पोहोचत नाही.

खट्. तळहातापर्यंत —

ताण आहे. थांबायचे, ठाऊक आहे. मी थांबले. तो थांबत नाही —

घे तुझी फ्रेम. म्हटले मी. मोठ्याने म्हटले —

खट्.

हिसका देऊ नये. मीच शिकवते. पण ही फिल्म नव्हे, हात आहे, हात फाटत नाही, एकच हिसका —